ओळखीचा आवाज

सकाळी पावणेनऊ वाजता सासरेबुवा झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेले आणि त्यांच्या मागे काचेचं दार ‘टिक्’ करून लागलं, तेव्हा घरात कुणालाच काही वाटलं नाही. ते दार आपोआप लागायचं आणि आवाजावर उघडायचं. फक्त तो आवाज ओळखीचा हवा.

दहा वाजता सासरेबुवांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तीन महिने थांबून मिळालेली तारीख. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवसापासून लांबच्या रजेवर निघाल्या होत्या, म्हणजे आज हुकलं की पुन्हा तीन महिने सासरेबुवा वर्तमानपत्र नाकाला लावून बसणार आणि घरादाराला “हे काय लिहिलंय गं?” म्हणून पिडणार. गेल्या आठवड्यात त्यांनी टूथपेस्ट समजून पायाला लावायचं मलम ब्रशवर घेतलं होतं. तेव्हा ऑपरेशन आजच होणं सगळ्यांच्याच हिताचं होतं.

दार उघडण्याचं काम हॉलमधल्या कपाटावर बसलेल्या एका गोल डब्याकडे होतं. हा डबा चिरंजीवांनी आणला. चिरंजीव कारखान्यांत यंत्रं बसवायची नोकरी करत. दिवसभर बसवूनही हौस फिटत नसे, म्हणून उरलेली घरी आणून बसवत. डबा बाईच्या आवाजात बोले, म्हणून त्याचं नाव ‘ताई’. ताईला आवाजांची ओळख करून द्यायची तर चिरंजीवांच्या फोनवरची वीस वाक्यं तिच्यासमोर वाचावी लागत. चिरंजीवांनी वाचली, सूनबाईंनी वाचली. सासरेबुवांना अक्षरं दिसेनात. सासूबाई तिसऱ्या वाक्यावर अडल्या. वाक्य होतं, ‘आज मला अतिशय उत्साही वाटत आहे.’

“हे मी म्हणणार नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “मला तसं काही वाटत नाहीये. सकाळपासून गुडघा धरलाय.”

“आई, ते नुसतं वाचायचंय गं!”

“खोटं कशाला वाचू?”

अशा रीतीने घरात ओळखीचे आवाज दोनच राहिले. त्यातले चिरंजीव त्या सकाळी विमानात होते आणि त्यांचा फोन बंद होता. उरल्या सूनबाई. सूनबाई शाळेत खेळाच्या बाई. आदल्या दिवशी शाळेचे सामने झाले, पहिल्याच सामन्यात शिट्टी हरवली आणि पुढचे अकरा सामने सूनबाईंनी नुसत्या घशावर काढले. आज त्यांच्या तोंडून हवेशिवाय काही बाहेर पडत नव्हतं. जे सांगायचं ते त्या लाल पेननं वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवत, आणि सवयीनं खाली रेघ मारत.

सासरेबुवांनी काचेवर टकटक केली.

“ए ताई, गॅलरीचं दार उघड,” सासूबाई म्हणाल्या.

“माफ करा. हा आवाज माझ्या ओळखीचा नाही,” ताई म्हणाली.

सासूबाईंना धक्काच बसला. “चौतीस वर्षं झाली मला या घरात! तुला चार महिने नाही झाले, आणि मी ओळखीची नाही?”

“माफ करा. हा आवाज माझ्या ओळखीचा नाही.”

सूनबाईंनी सासूबाईंना बाजूला केलं, डब्याजवळ तोंड नेलं आणि जीव खाऊन एक वाक्य बोलल्या. सायकलच्या चाकातली हवा जावी तसा आवाज झाला.

“आपण काही बोललात का?” ताईनं विचारलं.

सूनबाईंनी आणखी जोर लावला. “ओळख बारा टक्के,” ताई म्हणाली. “कृपया खऱ्या आवाजात बोला.”

स्वतःच्या तोंडातून निघालेल्या आवाजाला कुणी खोटं म्हणेल असं सूनबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या डब्याकडे बघतच राहिल्या.

तुम्ही म्हणाल, साधी किल्ली नव्हती का? होती. ती सासरेबुवांनी स्वतःच्या हातानं गॅलरीतल्या खिळ्याला टांगली होती. “अडकेल तो बाहेरच अडकेल ना? मग किल्ली बाहेर नको?” हा त्यांचा बिनतोड मुद्दा. किल्लीचं भोक मात्र दाराच्या आतल्या बाजूला होतं. आता सासरेबुवा काचेपलीकडून किल्ली नाचवत होते आणि, रस्त्यावर टाकली तर हरवेल म्हणून, दाराखालून सरकवायला बघत होते. पण धूळ येते म्हणून चिरंजीवांनी दाराखालच्या फटीला रबराची पट्टी ठोकली होती, आणि चिरंजीवांचं काम नको तिथे पक्कं असे.

सासूबाईंनी कुलपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, अकराच्या आत जमणार नाही.

मग सूनबाईंना कल्पना सुचली. त्यांनी फोनमध्ये चिरंजीवांचा जुना निरोप शोधला, ज्यात ते ताईला दार उघडायला सांगताना ऐकू येत होते, आणि फोन डब्यासमोर धरला. ताईनं ऐकून घेतलं. थोडा विचार केला.

“हा जिवंत माणसाचा आवाज वाटत नाही,” ती म्हणाली.

सासूबाईंच्या काळजाचा ठोकाच चुकला. “अगं बाई! काय अभद्र बोलतेय ही! पोरगा विमानात बसलाय माझा!” त्या मटकन खुर्चीत बसल्या. सूनबाईंनी घाईघाईनं लिहिलं, ‘रेकॉर्ड केलेला आवाज चालत नाही एवढाच अर्थ आहे.’ खाली दोन रेघा मारल्या. तरी सासूबाईंच्या छातीची धडधड थांबायला दोन मिनिटं गेली. नऊ वाजले.

इकडे गॅलरीत सासरेबुवांनी नवाच प्रकार सुरू केला होता. ते आधी सासूबाईंकडे बोट दाखवत, मग सूनबाईंकडे, मग स्वतःच्या गळ्याला हात लावत, आणि शेवटी एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्या हाताचं बोट हवेत नाचवत. वर मान तिरकी.

सूनबाईंनी लिहिलं, ‘बाबांना काय होतंय?’

“डोळ्यात औषधाचे थेंब घातलेत ना,” सासूबाई नजर चुकवत म्हणाल्या. “चुरचुरत असेल.”

सासूबाईंना त्या खुणांचा अर्थ पक्का ठाऊक होता. गेली सहा वर्षं त्या सूनबाईंची नक्कल करत होत्या. दर रविवारी सूनबाई मैदानावर गेल्या की सासूबाई फोनवर बहिणीला आठवड्याचा वृत्तांत देत, आणि त्यात सूनबाईंची वाक्यं सूनबाईंच्याच आवाजात येत. सासरेबुवा शेजारी बसून हसत. हे दार आपल्याला उघडता येईल, हे सासूबाईंना पहिल्या मिनिटापासून कळलं होतं. पण उघडायचं कुणासमोर? सहा वर्षांत सुनेशी एकदाही वाजलं नव्हतं. बहिणीच्या घरातली भांडणं ऐकून सासूबाई अभिमानानं सांगत, आमच्याकडे तसलं काही नाही हो. एका दारापायी सगळं धुळीला मिळवायचं?

तेवढ्यात सासरेबुवांचा धीर सुटला. त्यांनी कोपऱ्यातली कुंडी उचलली आणि काच फोडायच्या इराद्यानं डोक्यावर घेतली. त्यांना दिसत होतं ते सगळं धुक्यातलं. काच कुठे आहे याचा अंदाज चुकून ते कठड्याकडे तोंड करून उभे होते, आणि खाली रस्त्यावर माणसं चालत होती.

“सूनबाई, धाव! मिठाचं गरम पाणी कर, आणखी गुळण्या करून बघ!” सासूबाई ओरडल्या. सूनबाई स्वयंपाकघरात पळाल्या.

सासूबाई डब्याजवळ गेल्या आणि अगदी हलक्या आवाजात, सुनेच्या सुरात म्हणाल्या, “ताई, गॅलरीचं दार उघड.”

“आवाज फार लहान आहे. कृपया मोठ्यानं बोला.”

“मेली!” सासूबाई स्वतःच्या आवाजात पुटपुटल्या.

“माफ करा. हा आवाज माझ्या ओळखीचा नाही.”

थोडं मोठ्यानं बोलून पाहिलं. ओळख साठ टक्के. सासूबाईंची अडचण अशी, की सूर लागायला त्यांना आधी एक ठरलेलं वाक्य म्हणावं लागे. ते म्हटल्याशिवाय सूनबाई अंगात येत नसत. सासरेबुवा कुंडीसह एक पाऊल पुढे सरकले, आणि सासूबाईंनी मागचापुढचा विचार सोडला. हात कमरेवर गेला, बोट हवेत गेलं, मान तिरकी झाली.

“आई, राग मानू नका हं, पण ओला टॉवेल खुर्चीवर ठेवायचा नसतो, किती वेळा सांगायचं! बाबा, ती कुंडी आधी खाली ठेवा बघू! एक, दोन, तीन म्हणायच्या आत! ताई, गॅलरीचं दार उघड!”

“ओळख पटली,” ताई आनंदानं म्हणाली. “शंभर टक्के. सुप्रभात, सूनबाई.”

दार उघडलं. सासूबाई वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभ्या होत्या. हातातला पेला तिरका झाला होता आणि त्यातलं मिठाचं पाणी जमिनीवर सांडत होतं. दोघींचे चेहरे पांढरेफटक पडले.

सासरेबुवा कुंडी घेऊन आत आले. “शाब्बास!” ते म्हणाले. “पण रविवारी बहिणीला करून दाखवलंस ना, ते याहून फक्कड होतं.”

“तुम्ही गप्प बसा!”

सूनबाईंनी वही उचलली. मग त्यांनी लिहिलं, ‘मी अशी बोलते?’ या वेळी खाली रेघ नव्हती.

“तसं नाही गं, आपली जरा गंमत. थोडं वाढवूनच करते मी…” सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या. वाढवून केलं असं म्हणायची सोयच राहिली नव्हती. शंभर टक्के म्हणून ताईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. सासूबाईंना भयंकर लाज वाटली.

सूनबाई डब्याकडे बघत राहिल्या, मग घड्याळाकडे. सव्वानऊ झाले होते. आता खरी पंचाईत पुढे होती. दवाखान्याच्या कागदांवर चिरंजीवांच्या खालोखाल सूनबाईंचं नाव होतं, तेव्हा सही करायला त्यांना जाणं भाग होतं. चिरंजीव असते तर प्रश्न नव्हता. पण सूनबाईंच्या शाळेत रजा लिहून मागायची सोय नव्हती. एका मास्तरांच्या नावानं त्यांच्या मुलानंच तीन दिवस रजेचे निरोप पाठवले होते, तेव्हापासून मोठ्या बाईंचा नियमच होता: रजा हवी तर स्वतःच्या तोंडानं मागायची.

सूनबाईंनी शाळेचा नंबर लावला आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला.

सासूबाईंना क्षणभर उमगेचना. मग त्यांचे डोळे भरून आले. म्हणजे मुलीनं मनावर घेतलं नव्हतं! त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि हात कमरेवर ठेवला.

“बाई, राग मानू नका हं, पण आज मला रजा हवीय. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

“अहो, घ्या की!” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमचा घसा बसलाय असं कालच कळलं होतं. पण चांगला खणखणीत आहे की आवाज! बरं झालं. आम्ही सगळ्याजणी इथंच बसलोय. एकदा तुमच्या सासूबाई होऊन जाऊ देत!”

“काय?” सासूबाई म्हणाल्या.

“अहो, ते मधल्या सुट्टीत करून दाखवता ना! ते डब्याच्या झाकणाचं! त्याशिवाय रजा नाही, सांगून ठेवते!” मागे चार-पाच बायका खिदळल्या.

सूनबाई फोनवर झेपावल्या. सासूबाईंनी पाठ फिरवली आणि फोन उंच धरला. सासरेबुवांनी हळूच कुंडी खाली ठेवली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर एकामागून एक रंग आले आणि गेले. मग त्यांनी कमरेवरचा हात काढला, पदर खोचला, मोठा श्वास घेतला आणि स्वतःच्या आवाजात, जसं रोज म्हणत तसंच म्हणाल्या, “या घरात झाकणांना काय पाय फुटतात का गं? सतरा डबे आणि झाकणं तीन! मी मेल्यावर शोधत बसा!”

पलीकडे सगळं चिडीचूप झालं. कुणी हसलं नाही. कुणीतरी उगाच खाकरलं.

“छे हो,” मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. “आज काही जमलं नाही. घसा खरंच बसलाय तुमचा. नेहमी कशा हुबेहूब करता! हे तर अगदीच खोटं वाटलं. असं करा, दोन दिवस आराम करा, आणि सोमवारी या.”

फोन बंद झाला. सासूबाई तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मघाशी डब्यानं नाकारलं, ते त्यांनी यंत्र म्हणून सोडून दिलं होतं. आता माणसांनीही नाकारलं होतं. सूनबाई खालमानेनं सांडलेलं पाणी पुसत होत्या, आणि पुसून झालं तरी पुसतच होत्या.

टॅक्सी मिळाली. रस्ता मोकळा होता, दहाला पाच मिनिटं कमी असताना दवाखान्याची पाटी दिसायला लागली. सासरेबुवांना दोघींनी मध्ये बसवलं होतं, आणि ते समोर बघून प्रत्येक दुकानाचं नाव चुकीचं वाचत होते. सगळा रस्ताभर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी त्यांनी सासरेबुवांच्या मागून हात घालून सुनेच्या खांद्याला हलकेच ढोसलं.

“नेहमी कसं करतेस गं तू?”

सूनबाईंनी घाबरून गळ्याकडे बोट दाखवलं.

“असू दे. घसा सुटला की करून दाखव,” सासूबाई म्हणाल्या. “माझं कुठं चुकतं ते बघू दे मला.”