काका आत, काकू फायनलमध्ये

"सकाळी म्हणे हात आखडतात, आणि संध्याकाळी कॅरमला बरे चालतात!" काकांनी रोजचा टोमणा हाणला आणि चहाच्या डब्याचं झाकण असं पिळलं की डब्यानेच कण्हावं.

काकूंना र्‍हुमॅटॉइड संधिवात होता. सकाळी बोटं लाकडाची, दहाच्या सुमारास रबराची, आणि संध्याकाळी कुठे बोटांसारखी बोटं. डॉक्टरांनी हे काकांना चित्र काढून समजावलं होतं. काकांना चित्र आवडलं होतं; पटलं मात्र नव्हतं. शिवाय त्यांना घट्टपणाचं भारी वेड. नळ, बाटल्या, कड्या, सगळं ते असं बंद करायचे की उघडायलाही तेच लागायचे.

आणि आज संध्याकाळी सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत काकूंची फायनल होती!

"नाव काढून घे," काका म्हणाले. "लोक काय म्हणतील? हिला घरकामाला हात नाहीत, सोंगट्या मारायला आहेत! तो बोर्ड आत्ताच माळ्यावर टाकतो."

"अहो, पण..."

"पणबिण काही नाही!"

बोर्ड हॉलमध्येच ठेवून काका माळ्यावर जागा करायला अडगळीच्या खोलीत शिरले. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि बाहेरची कडी खटकन लागली. कालच त्यांनी ती हौसेने बसवली होती. जाडजूड, स्प्रिंगवाली, आपोआप लागणारी.

"अगं, कडी काढ! आज ऑफिसात नवे साहेब येतायत!"

काकूंनी बोटं लावली. बोटांनी चक्क नकार दिला. मग कोपर लावून पाहिलं, कालथा घालून पाहिला. कालथा वाकला, कडी जागची हलली नाही.

"गरम पाण्यात हात बुडव! डॉक्टर म्हणाले होते ना!"

"आता बरे आठवले डॉक्टर! नळ तुम्ही बंद केलाय. माझ्याने फिरत नाहीये."

"मग समोरच्या वहिनींना हाक मार!"

वहिनी धावत आल्या खऱ्या, पण बाहेरच्या दाराला आतून काकांचाच बोल्ट.

"काकू, ओढा की जरा!"

"ओढता आला असता तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

"किल्लीवाल्याला बोलावू?"

"बोल्टला कसली किल्ली?" आतून काका गरजले. "चोराचा बाप आला तरी उघडणार नाही!" एवढ्या संकटातही आवाजात अभिमान होताच.

मग तो अभिमान हळूहळू विरघळला. "अगं, मी बाहेर कधी येणार?"

"संध्याकाळी," काकू शांतपणे म्हणाल्या. "संध्याकाळी माझे हात बरे चालतात ना!"

दारापलीकडे वहिनी खो खो हसत सुटल्या.

मग आतून काका एकदम बारीक आवाजात म्हणाले, "रोज सकाळी असंच होतं?"

"रोज."

"आणि मी झाकणं..."

"तीही रोज."

घड्याळात दहा वाजून गेले. मग हॉलमधून आवाज आला. टक्!

"अगं! हात सुटले वाटतं?"

"सुटतायत हळूहळू. पण डॉक्टर म्हणालेत, एकदम जड काम नको. आधी हलका व्यायाम." टक्! "आणि काय हो, माझं नाव काढून घ्यायचं होतं ना?"

"छे छे! मी स्वतः येतो बघायला! बोर्डावर पावडर मीच टाकीन!"

टक्!

"क्वीन गेली," काकू खुशीत म्हणाल्या. "थांबा हं. एवढं कव्हर घेते, मग तुमची कडी."