व्हर्लिनचं नारिंगी जाकीट

संध्याकाळचे चार. मोंटानातल्या टेटन नदीकाठच्या झुडपांत व्हर्लिन स्टेनरुडने नर हरीण पाडलं. नियम पाळणाऱ्याला रानात भय नसतं. व्हर्लिन तर नियम शिकवणारा. अस्वलांच्या मुलखात हरणाची सुरक्षित शिकार कशी करावी, याचा वर्ग तो दर शरदात गावच्या सभागृहात घेतो. (त्याच्या एकाही विद्यार्थ्याला अस्वलाने खाल्लेलं नाही. निम्मे शिकारीला जातच नाहीत.)

आतडी काढून त्याने हरीण उघड्यावर ओढलं आणि गाडीतला हातगाडा आणायला बायको आर्डिससह निघाला. एकट्याने फिरायचं नाही, हा नियम. निघताना अंगातलं नारिंगी जाकीट काढून शिंगांना बांधलं. त्याने हरीण लांबून सापडतं आणि माणसाच्या वासाने अस्वल बिचकतं. (अस्वलांसाठी वर्ग नाही.)

गाडीशी पोचल्यावर त्याने खिसे चाचपले.

"किल्ली?" आर्डिसने विचारलं.

"जाकिटात."

"आणि अस्वल पळवायचा मिरचीचा फवारा?"

"तोही. कायम हाताशी हवा म्हणून."

"हरणाच्या हाताशी ठेवलास, मास्तर. माझा गाडीत आहे, कुलपात. तूच म्हणालास, मी असताना तुला कशाला."

परतले तर हरणावर ग्रिझली अस्वल बसलेलं. अस्वलाने बळकावलेली शिकार अस्वलाची, हे व्हर्लिन फळ्यावर ठळक लिहितो. हिवाळ्याचं मटण गेलं, हे त्याने मान्य केलं. किल्लीबद्दल नियमात काही नव्हतं. गोळी झाडायची तर जीव वाचवायला, किल्लीसाठी नाही. गाव लांब, फोन मुका, थंडी मात्र वेळेवर.

"बोल त्याच्याशी. शांत पण ठाम आवाजात. शिकवतोस ना?"

व्हर्लिन शांत पण ठाम आवाजात बोलला. अस्वलाने ऐकून घेतलं आणि जाकिटात तोंड खुपसलं. फवारा फुटला. लाल ढगातून शिंकत अस्वल बाहेर पडलं, तेव्हा जाकीट त्याच्या गळ्यात होतं. ते रस्त्याच्या दिशेने निघालं. शिकाऱ्याला नारिंगी घालणं सक्तीचं; व्हर्लिन विनाजाकीट, म्हणजे गुन्हेगार. कायद्याने पाहता अस्वल निर्दोष.

खाली रस्त्यालगत दोन शिकारी होते. दोघेही व्हर्लिनचेच विद्यार्थी. झुडपात नारिंगी दिसताच त्यांनी शिकवल्याप्रमाणे बंदुका खाली केल्या आणि हात हलवला.

"काय दादा, मिळालं का काही?" एकाने ओरडून विचारलं.

"अस्वल! अस्वल!" व्हर्लिन वरून जीव तोडून ओरडला.

अस्वलाचं नाव ऐकताच विखुरायचं नाही, जवळच्या नारिंगी रंगाकडे धावायचं आणि एकत्र राहायचं, हा तिसऱ्या दिवसाचा पाठ. दोघांनाही तो पक्का आठवला.

"हुशार पोरं आहेत तुझी," आर्डिस हळूच म्हणाली.

त्यांना हसू नये. रंग आपला दिसला की त्याच्या आत कोण आहे, हे तुम्ही तरी कधी पाहिलंत?

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा दोघे धावत होते, आणि जाकीट त्यांची वाट पाहत थांबलं होतं.