नाना नाकेदारांची शाळा

नाना भूगोल शिकवायचे त्या दिवशी आमच्या घरात पाणी शिरायचं.

साक्रीत आमचं आणि नानांचं घर भिंतीला भिंत लागून, अंगण एकच. नाना कुदळ घेऊन त्या अंगणात तापी खणायचे, तिला पांझरा जोडायचे, पांझरेला आमच्या गावची कान जोडायचे, आणि त्यांची दोन्ही नातवंडं आडावरून कळश्या आणून ओतायची. आता तापी वाहते पश्चिमेला, आणि पश्चिमेला नेमका आमचा ओटा. तिथं बायकोनं शेवया वाळत घातलेल्या असायच्या. "मास्तरीणबाई, सुरत बुडनी!" असं नाना वरून ओरडून कळवणार. माफीबिफीची भाषा नाही. नदीनं कधी कुणाची माफी मागितली आहे का, हा त्यांचा सवाल.

मी पेशानं शाळामास्तर. गावातली पोरं माझ्या छडीखालून जायची, ही दोन सोडून. दिपोटीसाहेब तपासणीला आले की विचारायचे, "शाळेत न येणारी मुलं कुठं राहतात?" मी खाली मान घालून सांगायचो, "माझ्या शेजारी."

नाना जंगलखात्यात नाकेदार होते. पेन्शन घेऊन बरीच वर्षं झाली तरी खाकी कोट आणि शिट्टी त्यांनी खात्याला परत केली नव्हती. शाळा भरायची शिट्टीवर आणि सुटायची किसनला कंटाळा आला की. किसन पाच वर्षांचा, त्याची बहीण मंजू आठाची. दोघांना शाळेत घाला म्हणून मी सुरुवातीला सांगायला गेलो, तर नानांनी मला ओट्यावर बसवून गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "मास्तर, ढोर कोंडवाडामा कोण घालस? ज्याले राखता येत नही तो!"

मी म्हटलं, "नाना, पोरांना लिहितावाचता तरी येतं का?"

"पोरेस्ले बठ्ठं येस," नाना म्हणाले, "तुम्हले इचारता येत नही."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कुणीही काही विचारो, पोरांना सगळं येतं, चूक विचारणाऱ्याची. मी आयुष्यभर पोरांवर उगारलेलं बोट या माणसानं माझ्याकडेच वळवलं. राग येणार नाही तर काय!

त्यांची शाळा मी ओट्यावरून रोज बघायचो. बघायचं नाही असं ठरवूनच बघायचो. सकाळी नाना भाकऱ्या थापायला बसत. नानी केव्हाच वारल्या होत्या, चूल नानांकडेच. पिठाचे गोळे वळून पोरं अक्षरं करायची, नाना ती तव्यावर टाकायचे. जे अक्षर ओळखाल ते खा, असा कायदा. किसनला भूक फार, म्हणून तो वर्णमाला झपाट्यानं शिकला. फक्त 'ळ' त्याला येईना, कारण 'ळ' कच्चा राहायचा आणि पोटात दुखायचं.

मग इतिहास. नाना अंगणात पालथे पडून किल्ला व्हायचे. पोरं दोराला लटकून पाठीवर चढायची. एकदा किल्ल्याची कंबर धरली आणि तो तीन दिवस कुणालाच सर झाला नाही. माझं वाळत घातलेलं धोतर पोर्तुगीज गलबताचं शीड झालं तो दिवस तर मी विसरूच शकत नाही, कारण त्या दिवशी मला शाळेत जुनेराचं लुंगीवजा काहीतरी नेसून जावं लागलं, आणि माझी बायको, माझी स्वतःची बायको, हसत हसत म्हणाली, "गलबत लागू द्या ना किनाऱ्याला! घाई काय आहे?" ती पहिल्यापासून फितूर. त्या शाळेला खाऊ पुरवायची तीच.

खाऊचीही एक कथाच होती. आमच्याकडे भादव्यात गुलाबाई बसते. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. घरधनीण झाकलेला डबा हालवून दाखवते, पोरी विचारतात, गोड का खारा? गोल का लांबट? विचारत विचारत नाव काढायचं, तेव्हा डबा उघडतो. हे सगळ्या गावात महिनाभर चालतं. नानांकडे बारा महिने. त्यांचं म्हणणं असं, की जगातली खरी परीक्षा ही एकच, कारण हिच्यात विचारणाऱ्यालाही उत्तरं द्यावी लागतात. गणित असो, भूगोल असो, नानांनी प्रश्न टाकला की पोरांनी उलट प्रश्न करायचे. पोरांना तीच रीत ठाऊक. परीक्षेत गप्प बसायचं असतं हे त्यांच्या कानावर कधी गेलंच नव्हतं.

एवढं बोलणारा माणूस, पण एका गोष्टीवर मुका. पोरांची आई, म्हणजे नानांची एकुलती एक लेक सखू, किसन रांगत होता तेव्हा तापानं गेली. तेव्हापासून पोरं इथं. त्या घरात सखूचं नाव निघत नसे. एकदा माझी बायको सहज म्हणाली, "मंजू हुबेहूब सखूसारखी हसते हो." नाना चुलीपुढून उठले ते थेट नदीकडे चालू लागले. भाकरी तव्यावर जळाली. मंजूनंच ती उलथली. पुन्हा आम्ही ते नाव काढलं नाही.

जावई माधवराव धुळ्याला कोर्टात कारकून. बारीक अंगाचा, काळ्या टोपीचा, मोजकं बोलणारा माणूस. सणावाराला यायचा, ओट्यावर ताठ बसायचा आणि पोरांकडे तारखेला आलेल्या साक्षीदारांकडे बघावं तसं बघायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "मामा, माझी बहीण आता कायमची माझ्याकडे आली आहे. घर सांभाळायला माणूस आहे. दसऱ्याआधी येतो. मास्तरांनी पोरांची परीक्षा घ्यावी. पास झाली तर राहू देत इथं. नाही झाली तर धुळ्याला नेऊन शाळेत घालतो."

नाना मिशीतल्या मिशीत हसले. "घ्या परीक्षा. पोरेस्ले बठ्ठं येस."

पण त्या दिवसापासून नानांची झोप उडाली. शिट्टी पहाटेच वाजू लागली. तापी इतक्यांदा खणली गेली की आमच्या ओट्याची एक कड ढासळली. आणि मला मात्र वाटेत भेटले की तोंड फिरवायचे. वशिला लावायला येतील म्हणून मी वाट बघत होतो, नाही कसं म्हणायचं तेही घोकून ठेवलं होतं. आले नाहीत. उलट बायकोनंच मला सुनावलं, "पोरं गेली तर म्हातारा जगायचा नाही. काय विचारायचं ते सांभाळून विचारा."

गुलाबाईचे दिवस चालू होते तेव्हा माधवराव सर्व्हिस मोटारीनं आला. अंगणात चटई टाकली. मी कोट चढवून, दिपोटीसाहेबांसारखा घसा खाकरून बसलो. नाना खांबाला टेकून उभे, शिट्टी मुठीत.

मी किसनला विचारलं, "तापी नदी कोणत्या समुद्राला मिळते?"

किसन म्हणाला, "गोड शे का खारा?"

"खारा! समुद्र खाराच असतो, गाढवा!"

तो बहिणीकडे वळला. मंजू म्हणाली, "मंग अरबी."

"कशावरून?"

"दुसरा समुद्र आम्हले येतच नही."

माधवरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चिडून मंजूला विचारलं, "सात आठे?"

"पन्नासना अल्याड का पल्याड?"

"पल्याड," असं मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"साठना?"

"अल्याड..."

"छप्पन!"

असं तासभर चाललं. कोण कुणाची परीक्षा घेत होतं, देव जाणे! सांगायची गोष्ट ही, की उत्तरं बहुतेक बरोबर आली. काही तर अशी की माझ्या चौथीच्या पोरांनाही आली नसती. मी निकाल सांगायला तोंड उघडणार, तोच किसन घरातून डबा घेऊन आला आणि सरळ बापासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, आते तुम्हनी पाळी."

"मला येत नाही," माधवराव म्हणाला.

"येस! इचारा ना!"

त्या ताठ माणसानं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच, चोरासारखं विचारलं, "गोड का खारं?"

"गोड."

"गोल?"

"गोल!" किसननं डबा हालवला. आत टकटक वाजलं.

माधवरावानं डोळे मिटले. "मुरमुऱ्याचे लाडू," तो म्हणाला. "पाक कडक झालेले. तुझी आई करायची तेही असेच वाजायचे. सखूचा पाक कधी साधला नाही. पहिल्या दिवाळीला लाडू फोडायला मी बत्ता आणला होता, तर आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

मंजू पुढं सरकली. "आई रागे भरे?"

"फार! आणि रागावली की गाणं म्हणायची. गाणं ऐकू आलं की मी घराबाहेर पळायचो."

"आखो सांगा," किसन म्हणाला, आणि डबा तसाच हातात धरून बापाच्या मांडीवर जाऊन बसला. टोपी चेपली. माधवराव आणखी आणखी सांगत राहिला. सखू पावसात कशी मुद्दाम भिजायची, मंजू झाली तेव्हा कशी रडली आणि हसली. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, शाळेचं निमित्त हो. कचेरीतून घरी गेलो की पोरांचा आवाजच नसतो घरात."

मी नानांकडे पाहिलं. खांबाला धरून उभे होते. शिक्षणाच्या आडून बोलणारा जावई एकटाच नव्हता. कोंडवाडा, ढोरं, अल्याडपल्याड, सगळी थोर तत्त्वं त्या म्हाताऱ्यानं दोन पोरं हाताशी राहावीत म्हणून उभी केली होती, आणि मी इतकी वर्षं त्यांच्याशी वाद घालत बसलो होतो.

मी घसा साफ करून म्हटलं, "माधवराव, निकाल असा, की दोन्ही मुलं..."

"नापास!" नाना गरजले. "मास्तर, तुम्ही गप बसा. पोरेस्नी आईना इषय मी शिकाडाच नही. माल्हे जमना नही." मग जावयाकडे न बघता म्हणाले, "धुळाले लई जा. तू शिकाड."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं पोरं गेली. नानांनी ट्रंक स्वतः टपावर चढवली. पाक करताना पाणी किती घालायचं ते जावयाला दोनदा सांगितलं. किसन खिडकीतून हात हलवत होता तेव्हा ते ड्रायव्हरशी टायरवरून भांडत होते. माझी बायको पदरात तोंड लपवून रडली. मीही रडलो. लपवण्यात काय अर्थ आहे?

त्यानंतर सोमवारी मी वर्गात शिरलो तर बिगरीच्या पोरांच्या रांगेत, भिंतीशी, खाकी कोट घालून नाना मांडी ठोकून बसलेले. मी हजेरी घेतली. पोरं पाढे म्हणू लागली तशी त्यांनी डोळे मिटले. मग रोजच येऊ लागले. कुणाची पाटी पुसून दे, कुणाचं नाक पूस, असं चालायचं. माझी छडी कपाटावर पडून राहिली, कारण ती उचलली की नाना माझ्याकडे असं बघायचे की हातच वर जात नसे.

दिवाळीनंतर दिपोटीसाहेब तपासणीला आले. वर्ग उभा राहिला. पोरांबरोबर नानाही गुडघ्यावर हात रेटून उभे राहिले आणि हाताची घडी घातली. साहेबांनी चष्मा वर केला. "बाबा, तुम्ही इथं काय करताय?"

मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होतो. नानांनी मला हातानं थांबवलं.

"घरमा पोरं नहीत, सायेब," ते म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग हलक्या आवाजात सगळ्या वर्गाला म्हणाले, "बसा," आणि नाना खाली बसेपर्यंत पुढच्या रांगेकडे वळले नाहीत.