हिल्सबरोचा डावा गट

कुमुदकाकू आमच्या दारात उभ्या होत्या. हातात अळूवड्यांचा डबा, आणि स्वेटरच्या बाहीला सेफ्टी पिनेने लावलेली काळी फीत.

दार नीताने, म्हणजे माझ्या बायकोने उघडलं. फीत बघून तिचा चेहराच उतरला. "काकू, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. निषेध आहे."

"कोणाचा?"

"तुझ्या नवऱ्याचा," काकू बूट काढत म्हणाल्या. "वड्या गरम आहेत तोवर खाऊन घ्या. सामोअन बाईच्या दुकानातली पानं आहेत, पण खाजायची नाहीत. चांगली दोनदा वाफवलीत."

मी हे आतल्या खोलीत ऐकत होतो. बाहेर येऊन वड्या मात्र मी सहा खाल्ल्या.

त्या वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती, न्यूझीलंडमध्ये सार्वत्रिक होती आणि ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळात अध्यक्षपदाची होती. पहिल्या दोन्हींमध्ये मी उभा नव्हतो. तिसरीत होतो, आणि का होतो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. कुठे काय बिघडेल याची काळजी करण्याचा मला पगार मिळतो, आणि सुट्टीच्या दिवशी मी ती फुकट करतो. पण गणपतीची आरती माइकवर म्हणायची की माइकशिवाय, यावरून मंडळात उभी फूट पडली होती, माइकवाल्यांना एक कोणाशीही न भांडलेला उमेदवार हवा होता, आणि तसा मी एकटाच उरलो होतो.

कुमुदकाकू माइकवाल्यांच्या, म्हणजे आमच्याच पॅनलच्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या पहिल्या बैठकीला आल्या, पुढच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी या पक्षातला डावा गट. नोंद करून घ्या." पक्ष आहे हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

काकूंनी पुण्यात टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून सारा जन्म काढला, आणि त्यातला बहुतेक युनियनमध्ये. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी अश्विनी इथे हिल्सबरोला, आमच्यापासून दोन रस्ते सोडून, म्हणून निवृत्तीनंतर काकूही इथे. युनियनमध्ये असताना साहेबांशी भांडायचं काम त्यांनी बाकीच्यांवर सोपवलं होतं. त्या युनियनशीच भांडायच्या.

"साहेबाकडे काय मागायचं?" त्या म्हणत. "साहेब परका. मागायचं ते आपल्या माणसाकडे. आपला माणूस खुर्चीजवळ पोचला की मऊ पडतो, त्याला टोचत राहावं लागतं."

आता त्यांचा आपला माणूस मी होतो.

त्यांनी माझ्याकडे पाच मागण्यांचं निवेदन दिलं. हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी हातांच्या खुर्च्या, म्हणजे उठताना धरायला काहीतरी मिळेल. कार्यक्रमाच्या पत्रिकेतली अक्षरं मोठी. नाटकाच्या मध्यंतरात चहा, तोही उकळलेला, पिशवी बुडवलेला नव्हे. नाटकात आवाज कमी. आणि पाचवी, दर बुधवारी सकाळी अकरा ते एक घरी एकट्या बसलेल्या आई-वडिलांसाठी मेळावा. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, बस कुठून कुठे जाते ते कळत नाही. तर मंडळाने त्यांना गाडीने आणायचं, चहा द्यायचा, बोलू द्यायचं आणि परत नेऊन सोडायचं.

खाली अकरा सह्या. शिवाय लोअर हटच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी फोनवरून बंधुभावाचा जाहीर पाठिंबा दिला होता. ते आमच्या मंडळाचे सभासद नव्हते, वेलिंग्टनच्या होते, पण काकूंना त्याची अडचण वाटली नाही.

"चार मागण्या वाटाघाटीसाठी असतात," त्यांनी मला समजावलं. माझ्याविरुद्ध कसं लढायचं याचं शिक्षण त्या मलाच देत होत्या. "त्या सोडायच्या. पाचवी सोडायची नाही."

त्या दिवसांत फोन वाजला की मी आधी घड्याळ बघायचो. संध्याकाळी सहाच्या बातम्या संपल्या की काकूंचा फोन ठरलेला. अमेरिकेतल्या कुठल्याशा उमेदवाराला त्याच्याच पक्षातले डावे धारेवर धरत होते, त्याची रोजची खबर त्या मला देत.

"बघितलंस? त्याचेच लोक विचारतायत त्याला, युद्ध कधी थांबवणार, सगळ्यांना औषधपाणी कधी देणार. मतं त्यालाच देणार आहेत, पण विचारतायत."

"काकू, त्या बिचाऱ्याला झोप लागत नसेल हो."

"निवडून आल्यावर झोपेल की. तुझं काय ठरलं बुधवारचं?"

"तत्त्वतः मान्य आहे."

"तत्त्वतः म्हणजे नाही. तीस वर्षं ऐकलाय मी तो शब्द." आणि फोन खाली.

उमेदवारांच्या जाहीर सभेत तर माझी पुरती शोभा झाली. मी इथल्या माओरी रिवाजाने 'किया ओरा आणि नमस्कार' म्हणून जेमतेम सुरुवात केली होती, तोच पुढच्या रांगेतून, आमच्याच लोकांमधून, काळी फीत लावलेला एक हात वर आला. "मी आपल्याच पॅनलची आहे," काकू उभ्या राहून म्हणाल्या, "आणि मत आपल्यालाच देणार आहे. तरी विचारते. आरती माइकवर म्हणा नाहीतर कानात म्हणा, पण ती ऐकायला माणसं कशी आणणार?"

बिनमाइकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. नीता सांगते की मी तीनदा 'तत्त्वतः' म्हणालो.

सभा संपल्यावर आमच्या प्रचाराचं सगळं बघणारा पराग मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "शिरीष, आयडिया स्वीट अ‍ॅज आहे, एकदम झकास, पण मला सांग, बुधवारी सकाळी अकरा वाजता गाडी चालवायला मोकळा असलेला मराठी माणूस ऑकलंडमध्ये आहे कुठे? बॉटनी डाउन्सची मंडळी वैतागलीत. त्यांना भारतातून नाटक आणायचंय. उद्या हे जमलं नाही की शिव्या तुला आणि मला." बॉटनी डाउन्स या उपनगरात आमची निम्मी मतं होती. त्यातली बहुतेक परागच्या दिवाणखान्यात मावत.

तो चुकीचं बोलत नव्हता, तीच तर पंचाईत होती. काकूही चुकीचं बोलत नव्हत्या. दोन्ही बाजू बरोबर असल्या की माझ्यासारख्या माणसाची भूक मरते. मी ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसे आणि मनात काकूंना उत्तरं देई. शेवटी मंगळवारी पॅनलने ठरवलं: चार मागण्या मान्य, पाचवी जाहीरनाम्यातून काढायची. जाहीरनामा गुरुवारी ईमेलने सगळ्यांना जाणार होता. काकूंना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

फोनवर सांगायची हिंमत नव्हती. शिवाय संध्याकाळी अश्विनीसमोर तमाशा झाला असता, अशी मला भीती. काकू घरात कशा असतील या विचाराने मला अश्विनीची नेहमी दया यायची. मी बुधवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि सव्वाअकराला त्यांच्या दारात उभा राहिलो. वाटेत गाडीत मी वाक्यं पाठ केली होती. 'काकू, परिस्थिती अशी आहे' इथपर्यंत छान येत होतं.

काकूंनी दार उघडलं. इस्त्रीची साडी, केसांत बागेतलं फूल. मला बघून त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"काकू, परिस्थिती अशी आहे..."

"थांब. आत्ता काही बोलू नकोस. सभा तहकूब आहे. साडेअकराला परत भरेल, तेव्हा सांग."

आत दिवाणखान्यात सहा खुर्च्या अर्धगोल मांडल्या होत्या. दोन जेवणाच्या टेबलाच्या, तीन बागेतल्या प्लास्टिकच्या, एक नातवाची फिरणारी. टीपॉयवर सहा कप पालथे, झाकलेला उपमा आणि एक जाड वही. माणूस कोणी नव्हतं.

"बाकीचे कुठे आहेत?"

"येतील. म्हणजे सगळ्यांना फोन करते मी मंगळवारी. बघते म्हणतात. पण आणणार कोण त्यांना?" काकू स्वयंपाकघराकडे वळल्या. "तू बस. चहा टाकते. इतिवृत्त वाचायचं असेल तर वाच, सभासद आहेस."

मी वही उघडली. टेलिफोन खात्यातलं ते सरळ, टपोरं अक्षर. दर बुधवारचं एक पान, मे महिन्यापासून.

'सकाळी अकरा. हजर: एक. गणसंख्येअभावी सभा तहकूब. साडेअकरा वाजता तहकूब सभा त्याच जागी भरली.'

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीची नोटीस काढून बघा, खाली बारीक अक्षरात हे असतंच: पुरेशी माणसं नसतील तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल, आणि मग तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. म्हणजे अर्धा तास थांबलं की एकटं माणूससुद्धा कायदेशीर सभा भरवू शकतं. काकू दर बुधवारी तो अर्धा तास थांबत होत्या.

'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. शेजारचे मांजर कुंपणावर बसते, त्यास सभेची हरकत नाही. ठराव एकमताने संमत. उपस्थितांचे आभार मानून सभा संपली.'

मला हसू आलं. पुढच्या पानावर इडल्या फुगल्याबद्दल सभासदांचं अभिनंदन होतं. त्याच्या पुढच्या पानावर लिहिलं होतं: 'पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमधील आपल्या जुन्या सहकारी शालिनी यांच्या निधनाचे वृत्त आले. दोन मिनिटे उभे राहून शांतता पाळण्यात आली.'

मी तारीख पाहिली. त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही अश्विनीकडे जेवायला होतो. काकूंनी पुऱ्या लाटल्या होत्या, माझ्याशी हातांच्या खुर्च्यांवरून वाद घातला होता. मैत्रीण गेल्याचं अक्षरही बोलल्या नव्हत्या. या खोलीत, या रिकाम्या खुर्च्यांसमोर, घड्याळाकडे बघत त्या एकट्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या होत्या. मला वही मिटवेना आणि वाचवेनाही.

साडेअकराला काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्या समोरच्या खुर्चीत ताठ बसल्या. "सभा सुरू. उमेदवारांना काही सांगायचंय."

पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. "बुधवारची मागणी आम्ही काढली, काकू," मी म्हणालो. "गाडी चालवायला कोणी नाही."

त्यांनी पेन घेतलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "पाचवी मागणी वगळल्याचे उमेदवारांनी स्वतः येऊन सांगितले. सभेने नोंद घेतली." मग 'स्वतः येऊन' या शब्दांखाली त्यांनी एक रेघ मारली.

"काकू, रागवा ना. तुम्ही रागावलात तर मला बरं वाटेल."

"रागावेन. फीत लावून रागावेन. आत्ता चहा घे."

"अश्विनीला माहीत आहे हे, खुर्च्या वगैरे?"

"नाही. ती यायच्या आत मी जागच्या जागी लावते. आणि तूही बोलायचं नाहीस."

"पण तुम्हीच म्हणता ना, मागायचं ते आपल्या माणसाकडे. मग तिला का नाही सांगत? एखादा बुधवार..."

काकू बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसल्या. ते लागलं होतं, तरी लावत होत्या.

"तुझ्याकडे मागायला काही वाटत नाही रे," त्या म्हणाल्या. "तू थोडाच देणार आहेस. तिच्याकडे मागितलं तर ती देईल. नोकरी अर्धी करेल, नाहीतर सोडेलसुद्धा. तशीच आहे ती. म्हणून तिच्याकडे मागायचं नाही."

अश्विनीची कीव करत बसलेला मी, माझी मलाच लाज वाटली. या बाईने आम्हा सगळ्यांना महिनोन्महिने सळो की पळो करून सोडलं होतं आणि स्वतःच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता.

त्या संध्याकाळी मी परागला फोन करून पाचवी मागणी परत घालायला लावली आणि गाडी चालवणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहायला सांगितलं. बॉटनी डाउन्सची मंडळी रुसली. मी हरलो, आणि आरती बिनमाइकची झाली. बुधवार मात्र सुरू झाला, कारण त्याला अध्यक्ष लागत नाही. माझ्या साहेबाने बुधवारची सकाळ सोडली, तिची भरपाई मी शनिवारी करतो. गाडीत चार जण मावतात, दोन फेऱ्या होतात, आणि कोण कुठे उतरायचं राहिलं या काळजीने मी आजही प्रत्येक फेरीला माणसं मोजतो.

पण हे नंतरचं. त्या सकाळी आम्ही उपमा खाल्ला, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम केलं, मांजराचा ठराव पुढे चालू ठेवला. एक वाजत आला तशी मी गाडीची किल्ली चाचपली.

"बस," काकू म्हणाल्या. "आभार राहिलेत."

त्या उठल्या. पदर नीट केला, चष्मा सारखा केला. पाच रिकाम्या खुर्च्या आणि एका खुर्चीत मी.

"आज इथे उपस्थित असलेल्या सर्व," त्यांनी सुरुवात केली, त्या सभेतल्या मोठ्या आवाजात, आणि माझ्याकडे बघितलं. पुढचा शब्द त्यांना काही केल्या म्हणता येईना. मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.