त्र्यंबकरावांच्या पायाखालचं फ्लोअरिंग

एका जंगलात, मुलांनो, एक तणमोर राहत होता. जंगल म्हटलं खरं, पण तो नुसता माळही असेल. इतक्या काळानंतर झाडं नीटशी आठवत नाहीत. गवत मात्र उंच होतं, त्याबद्दल फारशी शंका नाही.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. ह्याचं नाव त्र्यंबकराव. अंग काळंभोर, डोक्यामागे तुरे, आणि स्वभाव काळजीखोर. त्यांचा नाच प्रसिद्ध होता. गवतातून ते टुणकन वर उडत, हवेत क्षणभर पंख फडफडवत आणि पुन्हा गवतात नाहीसे होत. थोड्या वेळानं पुन्हा वर.

दोन उड्यांच्या मध्ये ते खाली काय करतात, हे कुणी पाहिलं नव्हतं. जंगलातले समीक्षक घुबडशास्त्री यांनी त्यावर पुष्कळ विचार केला होता. खाली अतिशय अवघड पदन्यास चालत असणार, वरची उडी हा त्याचा नुसता फेस, असं त्यांचं मत पडलं. ते सगळ्यांनी मान्य केलं, कारण पाहायला जाणार कोण?

खरं म्हणजे खाली त्र्यंबकराव धापा टाकत. मान खाजवत. एखादा नाकतोडा दिसला तर खात. उरलेल्या वेळात, पुढची उडी जमेल की नाही याची काळजी करत.

त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या तणमोरांच्या कुमुदनं त्यांच्या उड्या लांबून पाहिल्या आणि तिला त्या आवडल्या. तिचे मामा निरोप घेऊन आले. मुलगी जंगलाच्या वार्षिक उत्सवात नाच जवळून पाहील आणि काय ते तिथंच सांगेल. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर मामा-भाचीचं बिऱ्हाड दूरच्या माळावर हलणार होतं.

"आमच्याकडे पाय पाहतात," मामा जाता जाता म्हणाले.

त्र्यंबकरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पिवळट, काटकुळे. त्या दिवसापासून त्यांना नाकतोडा गोड लागेना.

आता उत्सवाचे कार्यवाह होते वामनराव उदमांजर. शहरातल्या एका नाट्यगृहाच्या छपरात काही दिवस काढून आल्यामुळे त्यांना रंगभूमीतलं सगळं कळत असे. येताना त्यांनी नाचाचं फ्लोअरिंग आणलं होतं. करड्या रंगाचं, रबरासारखं, अळूवडीच्या उंड्यासारखं गुंडाळलेलं. कुठंही न्यावं, पसरावं, वर नाचावं, पुन्हा गुंडाळावं. ह्यावर पाय घसरत नाहीत, गुडघे दुखत नाहीत, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. ते ऐकल्यापासून जंगलात सगळ्यांचे गुडघे दुखू लागले. सापाचेसुद्धा.

फ्लोअरिंगसाठी गवत कापायचं ठरलं. त्र्यंबकराव धावत गेले.

"वामनराव, मधे थोडं राहू द्या हो."

"गवत ठेवायचं तर हे आणलं कशाला?"

"निदान कडेनं?"

"अहो, आजवर लोकांनी तुमचा अर्धाच नाच पाहिला. आता अख्खा दिसेल. आभार माना माझे."

त्र्यंबकरावांनी आभार मानले. घाबरल्यावर त्यांना दुसरं काही सुचत नसे.

फ्लोअरिंग पसरलं, पण ते पसरून राहीना. कडा वर येत आणि सगळं सुरळी होऊन वामनरावांच्या पायाशी येऊन थांबे. कोपऱ्यांवर दगड ठेवले, ते शोभेनात. मग वामनरावांना युक्ती सुचली. उत्सवाला प्रमुख पाहुणे लागतातच आणि ते वजनदारही असतात. चार कोपऱ्यांवर चार पाहुणे बसवले की झालं. एका कोपऱ्यावर गवा बसला, दुसऱ्यावर अस्वल, तिसऱ्यावर रानडुक्कर. चौथा मान घुबडशास्त्र्यांना मिळाला. त्यांचं वजन भरेना, म्हणून मांडीवर एक धोंडा दिला. तो आपल्या लेखनाचा गौरव आहे असं समजून शास्त्रीबुवांनी तो पंखांनी धरून ठेवला.

फ्लोअरिंग सपाट झालं. त्र्यंबकराव मधोमध उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत कुमुद आणि मामा.

ढोल वाजला. त्यांनी उडी मारली. बरी झाली. ते खाली आले आणि सवयीप्रमाणे धापा टाकत उभे राहिले. मान खाजवली. इकडेतिकडे नाकतोडा आहे का पाहिलं.

सगळं जंगल ते पाहत होतं. कुणीतरी खोकलं. शास्त्रीबुवांनी धोंडा घट्ट आवळला.

"हा तर नुसताच उभा राहतो," मामा कुमुदला म्हणाले. हळू म्हणाले, पण गवत नसल्यामुळे ते सगळीकडे ऐकू गेलं.

त्र्यंबकरावांनी पुन्हा आपल्या पायांकडे पाहिलं. दुसरी उडी निघेना. त्यांना दूरचा माळ दिसू लागला, आणि त्यात आपण नाही हेही दिसू लागलं.

कार्यक्रम पडतोय हे पाहून वामनरावांनी कुठलाही कार्यवाह करतो तेच केलं. मधेच उठून त्यांनी प्रमुख पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार जाहीर केला.

सत्कार म्हटल्यावर गवा उठला. गवा उठला म्हणून अस्वल उठलं. आपलं नाव आधी घेतलं नाही म्हणून रानडुक्कर रागानं उठलं. शास्त्रीबुवा धोंड्यासकट उठले.

आणि फ्लोअरिंगनं झपकन त्र्यंबकरावांना गुंडाळलं.

आत काळोख. श्वास घ्यायला जागा नाही. त्र्यंबकराव जिवाच्या आकांतानं उडाले, ते सुरळीच्या फटीतून सरळ वर. तुरे उभे, पंख फडफडताहेत. आयुष्यात ते इतके उंच गेले नव्हते. मग खाली येऊन पुन्हा सुरळीत पडले. फ्लोअरिंग गडगडत निघालं. दर वळणाला त्र्यंबकराव वर येत आणि नाहीसे होत. ढोलवाल्या माकडाला ताल सापडला. गवा नारळ हातात घेऊन डोलू लागला. रानडुक्कर राग विसरून नाचू लागलं, पिल्लं सुरळीमागे धावली. शास्त्रीबुवा सांगू लागले की पदन्यास आत चालला आहे, अगदी आत.

सुरळी पहिल्या रांगेशी येऊन थांबली. कुमुदनं वाकून आत पाहिलं.

"दोन उड्यांच्या मधे तुम्ही काय करत होतात?"

खोटं बोलायला त्यांच्यात श्वास उरला नव्हता.

"भीत होतो."

"मी गवतात दिवसभर तेच करते," कुमुद म्हणाली. "मामा, बिऱ्हाड हलवायचं नाही."

लग्न झालं. पुढच्या उत्सवापासून जंगलात प्रत्येक कलावंताला आधी गुंडाळायचा नियम झाला. मोराचा पिसारा चुरगळला, पण शास्त्रीबुवांनी त्याचीही तारीफ केली.

तात्पर्य: मुलांनो, आपले पाय जमिनीवर असावेत, पण ते कुणाला दिसू नयेत. आणि वजनदार मंडळी उठली की पायाखालची जागा जाते, म्हणून फार घाबरू नये. कधी कधी त्यातच लग्न जमतं. एवढं मात्र खरं की ते फ्लोअरिंग उलट पसरलेलं होतं. बऱ्याच वर्षांनी, तसंच विकणाऱ्या शहरातल्या एका दुकानात विचारून ही खात्री करून घेतली. सुलट पसरलं असतं, तर ते मुळीच गुंडाळलं नसतं आणि त्र्यंबकराव अजून तिथंच मान खाजवत उभे असते.