उसनी जीभ

बेकरीवाल्यांनी केकच्या मिश्रणाचा चमचा पुढे केला तेव्हा त्यांची बायको गल्ल्यावर पाव बांधून देत होती. "जरा चाख गं," ते म्हणाले. सकाळपासूनची ही अकरावी वेळ. तिने चमचा तोंडात घेतला, साखर कमी म्हणून सांगितलं आणि पुड्याला गाठ मारली.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, थोडं वजन उतरवा. ते सांगून मोकळे झाले आणि यांनी वही सुरू केली. केळं शंभर, उकडलेलं अंडं अठ्ठ्याहत्तर, बोटभर केकचं मिश्रण बावीस. देवाचं नावही माणूस इतक्या निष्ठेने घेत नसेल, तितक्या निष्ठेने ते कॅलरीचे आकडे घेत. ताट आधी वजनकाट्यावर जाई, मग पुढ्यात येई. तोवर भाताचा दगड झालेला असे. तिने एकदा मायेने चमचाभर भाजी जास्त वाढली, तर तीही मोजून परत भांड्यात गेली.

पण बेकरी म्हटली की चाखणं आलं. ती बावीस-बावीसची भीती टाळायला त्यांनी बायकोची जीभ उसनी घेतली. केकचा फुगलेला माथा कापून सपाट केला, की कापलेले तुकडेही तिच्याच पुढ्यात यायचे, कारण टाकून देणं पाप. वर साखर डोळ्यांसमोर नको म्हणून त्याच रात्री त्यांनी साखरेचा डबा वरच्या फळीवर चढवला आणि त्या जागी मिठाचा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शटर वर ढकलताना तिच्या बाहीची शिवण काखेपर्यंत उसवली. चमचा पुढे आल्यावर तिने तोंड मिटूनच ठेवलं.

"आज माझी जीभ सुट्टीवर आहे. तुमची कुठे गहाण पडलीय?"

त्या दिवशी नेमका शाळेचा केक होता. पस्तीस वर्षं घंटा वाजवणारे शिपाई निवृत्त होत होते, समारंभ पाचला. शाळेचे रोजचे दोनशे बन बेकरीवाल्यांच्या वडिलांपासून इथूनच जात. ते बंद झाले तर भट्टीही बंद. बेकरीवाल्यांनी सगळे जिन्नस ग्रॅमवर मोजले. काटा खोटं बोलत नाही, असं बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. केक भाजला, माथा कापला, वर मलईची फुलं काढली.

दोन वाजता शाळेच्या मोठ्या बाई केक बघायला आल्या. कौतुकाने त्यांनी ताटलीतला कापलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. चावता चावता थांबल्या. बाई मोठ्या सभ्य; त्यांनी तो तसाच गिळला आणि पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "लहानपणी एकदा समुद्रात बुडता बुडता वाचले होते, त्याची आठवण आली."

बायकोची नजर फळीवर गेली, तिथून मिठाच्या डब्यावर, तिथून नवऱ्यावर. साखर घेताना त्यांचा हात सवयीने जुन्या जागी गेला होता. पाचच्या आत दुसरा केक देतो, असं बेकरीवाले चाचरत म्हणाले. बाई घड्याळाकडे बघत बाकावर बसल्या.

नवं मिश्रण तयार झालं. चमचा पुन्हा बायकोपुढे आला. तिने हात मागे बांधले.

"अगं, घाई आहे."

"मग चाखा लवकर."

"बावीस असतात गं एका बोटात."

"आणि दोनशे बन असतात शाळेत. तेही मोजा."

बेकरीवाल्यांनी बाईंकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं आणि विहिरीत उडी टाकावी तसं बोट घालून तोंडात घेतलं. त्यांचे डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"वडिलांची चव," ते हळूच म्हणाले. "पण किंचित लिंबू हवं." लिंबू पिळलं. पुन्हा चाखलं. मग खात्री करायला म्हणून आणखी दोनदा. वही तिकडे लोण्याच्या डब्याखाली पडली होती. तिची आठवण कुणाला झाली नाही.

पावणेपाचला केक शाळेत गेला. सहा वाजता बाईंनी रिकामं खोकं पाठवलं, सोबत निरोप: उद्याचे बन नेहमीप्रमाणे.

तेव्हा कुठे बेकरीवाल्यांना हुरूप आला. पिठाची पोती तोलायच्या काट्यावर चढून ते म्हणाले, "काही म्हण, चार किलो घालवले मी."

"उतरा," बायको म्हणाली आणि उसवलेली बाही सावरत स्वतः चढली. काटा दोन महिन्यांपूर्वीच्या तिच्या वजनापुढे बरोबर चार किलो जाऊन थांबला.

"हे घ्या. घालवले कुठे? मी सांभाळून ठेवलेत."

बेकरीवाल्यांनी तो आकडा वाचला, कानावरची कॅलरी टिपायची पेन्सिल काढून गल्ल्यात टाकली. मग ताटलीतल्या नव्या केकच्या तुकड्याचे दोन भाग केले आणि मोठा आपल्याकडे ओढला.