जावयाचा पट्टा

"वेल ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सोलमध्ये सापडणार नाही!" बोंगसोकने बायकोला, हेरानला ऐकवलं.

आठवडाभर बँकेत राबून बिचाऱ्याचं अंग आंबलं होतं. सासुरवाडीच्या उबदार जमिनीवर पाठ टेकायची, एवढीच इच्छा! पण सासूबाईंनी नेमकी रताळी काढली होती. उतारावरच्या शेतातून ती जिगेवर, म्हणजे पाठीवरच्या लाकडी चौकटीवर लादून खाली आणायची.

एक आशा होती. तिथे मोरवेलीच्या एका जातीला 'जावयाचा पट्टा'च म्हणतात. मायाळू सासू जावयाच्या जिगेला तिचे पट्टे लावते. जरा वजन वाढलं की तटकन तुटतात, म्हणून जावयावर ओझं लादायचंच नाही!

बोंगसोकने जिगेचा पट्टा हलकेच ओढला. तुटला नाही. "हा नुसता दोरखंड आहे! बदलतो."

"अहो, आईला विचारा तरी!" हेरान म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? देठाला तीन पानं, कडा कातरलेल्या, की आपली वेल. पाच पानं, कडा गुळगुळीत, की ती दुसरी, चिवट बया!"

बांधावर वेल सापडली. तीन पानं, कडा कातरलेल्या. त्याने पट्टे वळून बांधले, जुने गोठ्यात भिरकावले.

पहिली खेप झाली, पट्टा शाबूत. दुसरीलाही तेच. वजन कमी पडतंय, दुसरं काय!

"आई, अजून टाका!"

"जावईबापू, पुरे हो!"

"टाका म्हणतो ना!"

सासूबाईंनी टाकली. सासऱ्यांनी कौतुकाने शेजाऱ्याला हाक मारली. तो आपलीही पोती घेऊन आला! बोंगसोकचे गुडघे बोलायला लागले, पट्टा मात्र हूं की चूं करीना. संध्याकाळपर्यंत शेत रिकामं झालं आणि जावई आडवा.

सासूबाई गोठ्यातला पट्टा घेऊन आल्या. "तुमच्यासाठी मुद्दाम वळला होता हो! चार रताळ्यांत तुटला असता. तुम्ही तो टाकून चिवट वेल बांधलीत!"

"पण... तीन पानं होती."

"दोन अळीने खाल्ली. कडाही तिनेच कुरतडल्या. जाऊ द्या! एवढा कष्टाळू जावई नशिबानेच मिळतो. पुढच्या रविवारी कोबी काढायचाय. मजुराला नको म्हणून कळवलंय!"

बोंगसोकने तोंड फिरवायला कूस बदलायचा प्रयत्न केला. तेवढंही जमलं नाही.